खणातलं मशीन आणि सात तारीख

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत. वडील ७३ वर्षांचे. चार-पाच वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं, पण ते मान्य करत नाहीत. ‘तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांपूर्वी भावंडांनी पैसे जमवून त्यांना कानाच्या आत बसणारं, बाहेरून दिसणारही नाही असं श्रवणयंत्र घेऊन दिलं. पंधरा दिवसांत ते खणात गेलं. ‘नुसता कलकलाट, आणि वर शिट्ट्या मारतं.’ ताईंना राग याचा येतो, की आतल्या खोलीत भाऊ हळू आवाजात बाबांबद्दल काही बोलला तर ते मात्र बाबांना बरोबर ऐकू जातं. मागच्या महिन्यात दवाखान्यात सात तारखेला बोलावलं होतं, बाबा पाच तारखेला जाऊन बसले. त्यामुळे आता विसरभोळेपणाचीही भीती वाटू लागली आहे. भाऊ म्हणतो, आधीचं मशीन साधं होतं, आता सगळ्यात वरचं, एआयवालं घेऊ. विक्रेता म्हणतो, उशीर कराल तर मेंदूवर परिणाम होईल. आई म्हणते, या वयात कशाला हा खटाटोप. ताईंचे प्रश्न दोन: कोणतं मशीन घ्यावं? आणि हट्टी माणसाला ते घालायला कसं लावावं?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. सात तारखेऐवजी पाच तारीख. ‘सात’ आणि ‘पाच’ हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. दोन्हींतला ‘आ’ सारखाच, ठसठशीत. फरक आहे तो पुढच्या-मागच्या व्यंजनांत. ती व्यंजनं पुसून टाका, मग दोन्ही शब्दांचं एकच होतं: ‘…आ… तारखेला या.’ गाळलेली जागा बाबांच्या डोक्याने भरली. चुकीची भरली, पण चुकलं हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. त्यांच्या लेखी त्यांनी स्वच्छ ‘पाच’ ऐकलं होतं. विसरले असते तर गेलेच नसते. ते लक्षात ठेवून, वेळेवर जाऊन बसले.

मी डॉक्टर नाही, आणि एका तारखेवरून कुणाच्या स्मरणशक्तीचा निवाडा करता येत नाही. पण विसरभोळेपणाचा शिक्का मारण्याआधी कान तपासायला हवेत, एवढं नक्की. स्मरणशक्तीच्या चाचण्यासुद्धा बहुतेक तोंडीच घेतात. प्रश्नच अर्धा पोचला तर उत्तर कुठून बरोबर येणार?

मी स्वतः सात वर्षं दोन्ही कानांत मशीन वापरते. माझं पहिलं मशीनही खणातच गेलं होतं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसाळ पेशी आवाजाची थरथर पकडून मेंदूकडे पाठवतात. बारीक, तीक्ष्ण आवाज पकडणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात, खर्जातले आवाज पकडणाऱ्या आत, टोकाशी. वय होतं तसं बहुतेकांचं नुकसान तोंडापासून सुरू होतं, आणि माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. आता गंमत अशी, की बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बोलण्याचा मोठेपणा तेच पुरवतात. स, श, फ, थ, क ही मंडळी वरच्या पट्टीत आणि मुळातच दबक्या आवाजाची. आणि शब्दाचा अर्थ तर त्यांच्याच हातात. म्हणून बाबांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. ‘तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता’ ही त्यांची कुरकुर म्हणजे त्यांच्या कानांपर्यंत जे पोचतं त्याचं अगदी प्रामाणिक वर्णन आहे. मीही माझ्या मुलाला वर्षभर ‘उच्चार सुधार’ म्हणून सांगत होते!

आतल्या खोलीतल्या कुजबुजीचंही तेच. भावाचा आवाज पुरुषी, खर्जातला. घर शांत. विषय ओळखीचा, आणि मधे स्वतःचा उल्लेख. बाबांचे खालच्या पट्टीतले कान शाबूत असतील तर एवढ्यावरून वाक्य जुळवता येतं. तुम्ही स्वयंपाकघरातून, नळ चालू असताना, पाठमोऱ्या विचारता तेव्हा यातलं काहीच त्यांच्या बाजूने नसतं. ‘हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा टोमणा आपल्याकडे घरोघरी मारला जातो. पण दिवसभर गाळलेल्या जागा भरून माणूस संध्याकाळपर्यंत थकतो, आणि थकला की नुसती मान डोलावतो. त्याला हट्ट म्हणू नका.

तेव्हा ‘कोणतं मशीन’ या प्रश्नाला मी आधी एक उलट प्रश्न जोडते: पहिलं मशीन खणात का गेलं? भावाचं उत्तर आहे, साधं होतं म्हणून. मला तसं वाटत नाही.

दोन्ही कानांत बोटं घाला आणि ‘ई’ म्हणा. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला ना? कानाची वाट बंद झाली की आपला स्वतःचा खर्जातला आवाज आतच कोंडतो. ज्याचे खालच्या पट्टीतले कान चांगले आहेत, त्याच्या कानात गच्च बसणारं मशीन घातलं की दिवसभर हेच होतं. चावताना कवटीत दळण दळल्यासारखं वाटतं. पूर्ण आत जाणाऱ्या मशीनमध्ये हवेसाठी मोठं भोक ठेवायला जागाच नसते. शिवाय मायक्रोफोन आणि स्पीकर यांच्यात अंतर अगदी थोडं. मशीन जरा सैल बसलं, कानात मळ असला किंवा आवाज जास्त वाढवला, की आतला आवाज बाहेर गळतो, मायक्रोफोन तोच पुन्हा पकडतो आणि शिट्टी वाजते. त्यात सेल बदलायचा. अशा मशीनमध्ये बहुधा १० नंबरचा, पिवळ्या खुणेचा सेल असतो, जेमतेम ६ मिलिमीटर व्यासाचा. सत्तरीतल्या बोटांना तो चिमटीत धरणं म्हणजे परीक्षाच. (जाता जाता एक गोष्ट: हे सेल हवेवर चालतात. चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवायचा. आणि एकदा पट्टी काढली की परत चिकटवून काही वाचत नाही.)

हे मशीन ‘दिसू नये’ असं कुणाला वाटत होतं, हेही आठवून बघा. तुमच्या पत्रात बाबांनी तसं म्हटल्याचं कुठेच नाही. मी स्वतः तीच चूक केली. मला लपवायचं होतं. विक्रेत्याने दहा मिनिटांत बसवून दिलं, ‘वापरून वापरून सवय होईल’ म्हणाला, आणि पुन्हा बोलावलंही नाही. आता माझ्या कानामागे राखाडी रंगाची, बदामाएवढी दोन मशीनं असतात. ती कुणाला दिसतात की नाही, खरंच माहीत नाही. पूर्वी दर वाक्याला ‘काय?’ म्हणायचे, ते मात्र सगळ्यांना दिसायचं.

आता पुढचा रस्ता. दुकानाच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. मळाचा खडा झालेला असतो, पडद्याला भोक असतं, मधल्या कानातली हाडं आखडलेली असतात. यातलं पुष्कळसं मशीनशिवाय सुधारतं. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, एकाच कानात सतत गुंई आवाज येत असेल, कान वाहत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मशीनचा विषय बाजूला ठेवून आधी तपासणी. आणि हे सगळ्याच वाचकांसाठी: एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून आठवडा काढू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात औषधाचा उपयोग व्हायचा असेल तर तो सुरुवातीच्या दिवसांतच.

त्यानंतर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, बंद खोलीतली रीतसर तपासणी. तिचा कागद म्हणजे ऑडिओग्राम. तो वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. आडव्या रेषेवर पट्टी, डावीकडे २५० हर्ट्झचा खर्ज, उजवीकडे ८००० पर्यंतचे तीक्ष्ण आवाज. उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप, पण उलटं: आलेख जितका खाली, तितका आवाज मोठा करावा लागला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. साधारण २० डेसिबलच्या आत सगळं असेल तर ऐकणं उत्तम. बाबांचा आलेख मला न बघताही डोळ्यांसमोर येतो: डावीकडे वर, आणि मधून पुढे घसरगुंडीसारखा खाली. तसा निघाला नाही तर फारच छान, माझा अंदाज चुकला म्हणायचं.

या कागदाबरोबर आणखी एक आकडा मागून घ्या, तो पुष्कळदा कुणी सांगत नाही. आवाज पुरेसा मोठा करून शब्दांची यादी ऐकवली तर १०० पैकी किती शब्द बरोबर ओळखता येतात? हा आकडा ९० असला तर चांगल्या बसवलेल्या मशीनकडून खूप मागता येईल. ४० असला तर जगातलं सगळ्यात महाग मशीनही शब्द पूर्ण साफ करून देणार नाही, कारण बिघाड नुसत्या आवाजाच्या पातळीत उरलेला नसतो. तेव्हा अपेक्षा बेताची ठेवायची. फारच कमी असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, तज्ज्ञांशी बोलायचं. हा आकडा माहीत नसताना मशीन निवडणं म्हणजे माप न घेता बूट घेणं.

मशीन करतं काय, तेही सांगते, कारण कलकलाटाचं मूळ त्यात आहे. मायक्रोफोन आवाज घेतो, आतली चिप तो पट्ट्यांमध्ये विभागून जिथे कमी आहे तिथे वाढवते, आणि बारीक स्पीकर तो कानात सोडतो. अडचण अशी, की असे कान हळू आवाज ऐकत नाहीत, पण मोठा आवाज त्यांनाही मोठाच लागतो. दोन्हींमधली जागा अरुंद होते. म्हणून तर बाबा ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणतात, आणि मोठ्याने बोललं की ‘ओरडतेस कशाला?’ असंही म्हणतात. तुमच्याकडेही होत असेल. दोन्ही वाक्यं खरी असतात. चांगलं बसवलेलं मशीन दबका आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज थोडाच. नुसता आवाज मोठा करणारी यंत्रंही बाजारात मिळतात, दिसायला हुबेहूब. ती ताटल्यांचा खणखणाटही तितकाच वाढवतात. बाबांसाठी तो मार्ग मला पटत नाही.

प्रकार कोणता? आलेख मी म्हणते तसा असेल तर माझं मत सरळ आहे: कानामागे बसणारं, बारीक तारेने स्पीकर कानात सोडलेलं मशीन. टोकाला सिलिकॉनची भोकं असलेली मऊ टोपी, म्हणजे कान उघडा राहतो, खर्ज नैसर्गिकपणे आत येतो आणि मशीन फक्त हरवलेली वरची पट्टी पुरवतं. ते दळण दळणं जवळजवळ थांबतं. ऐकणं सगळ्याच पट्ट्यांत खूप खाली गेलं असेल तर उघडी टोपी चालत नाही, मग कानाचा साचा घेऊन बनवलेला मोल्ड आणि जास्त ताकदीचं मशीन लागतं. कान वाहणाऱ्यांचा निर्णय वेगळा, तो डॉक्टरांबरोबर घ्यायचा. कानाच्या आतली छोटी मशीनं वाईट असतात असं मी म्हणत नाही. योग्य कानात ती छान चालतात. पण ‘लहान म्हणजे आधुनिक’ हा समज सोडा. ताकद, बॅटरी, दोन मायक्रोफोनची जागा, हे सगळं आकार लहान होता होता कमी होत जातं.

रिचार्ज होणारं घ्या. रात्री डबीत ठेवायचं, सकाळी काढायचं, चष्म्यासारखं. सेलचा एकच मोठा फायदा: वीज नसलेल्या ठिकाणीही सेल बदलून पुढे जाता येतं. बाबा तसे फिरत असतील तर विचार करा.

दोन्ही कान सारखेच गेले असतील तर मशीनही दोन. ‘आधी एकाने सुरुवात करू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो, आणि गर्दीत एक बोलणं वेगळं काढायलाही दोन कान लागतात. पैसे मर्यादित असतील तर एका महाग मशीनपेक्षा दोन साधी मशीनं बरी, असं मी कुणालाही सांगेन.

आता भावाचं ‘सगळ्यात वरचं’. एकाच कंपनीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये बाहेरून काही फरक नसतो, आणि आतही पुष्कळदा फरक मुख्यतः सॉफ्टवेअरने काय उघडून दिलंय याचा असतो. विक्रेता चॅनेलची, म्हणजे चिप आवाज किती पट्ट्यांमध्ये विभागते त्याची, संख्या सांगतो, जणू मोबाईलचा कॅमेराच. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठातल्या रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक साधा, छान प्रयोग प्रसिद्ध केला. सौम्य ते मध्यम कमतरता असलेल्या ज्येष्ठांना दोन कंपन्यांची साधी आणि वरच्या दर्जाची मशीनं एकेक महिना घरी वापरायला दिली, कोणतं कुठलं ते न सांगता. मशीनशिवाय असण्यापेक्षा सगळ्यांनीच फायदा झाल्याचं सांगितलं. साधं आणि महाग यांत मात्र म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. तेव्हापासून तंत्र पुढे गेलंय, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्यात नवी मशीनं सरस आहेत, हे मीही अनुभवलंय. रोज बैठकांत बसणाऱ्या, गर्दीत काम करणाऱ्या माणसाने जास्त पैसे मोजले तर समजू शकते. घरी चार माणसांत, टीव्हीसमोर आणि फोनवर ज्याचा दिवस जातो, त्याच्यासाठी तो पैसा दुसरीकडे लावा.

कुठे? बसवणाऱ्या माणसावर. तुमच्या पहिल्या मशीनचं घोडं बहुतेक इथेच अडलंय. कंपनीचं सॉफ्टवेअर ऑडिओग्राम वाचून एका बटणावर मशीन जुळवून देतं, पण ते सरासरी कानासाठी असतं. बाबांच्या कानाची नळी सरासरीपेक्षा रुंद किंवा अरुंद असू शकते, आणि मग तोच आवाज आत कमी-जास्त पोचतो. ते मोजायची रीत आहे. केसाइतकी नाही, पण बारीकच, अशी एक मऊ नळी मशीनबरोबर कानात सरकवतात, समोरून बोलण्याचा आवाज सोडतात, आणि पडद्याजवळ प्रत्यक्षात किती पोचतं ते पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर, रेषेत दिसतं. ती रेषा ठरलेल्या लक्ष्याला जुळेपर्यंत ऑडिओलॉजिस्ट मशीनची जुळवणी बदलत राहतो. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. माझ्या दुसऱ्या वेळी ते झालं, वीसेक मिनिटं लागली. त्यात कळलं की वरच्या पट्टीत मला हवं होतं त्याच्या निम्मंही मिळत नव्हतं. म्हणजे मशीन चालू होतं, शिट्ट्या मारत होतं, आणि ज्यासाठी घेतलं तेच करत नव्हतं. फोनवर चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुम्ही रिअल इअर मेजरमेंट करता का?’ उत्तर चाचरत आलं तर दुसरीकडे फोन लावा. दुसरा प्रश्न, घरी वापरून बघायला किती दिवस देता आणि परत केलं तर काय? तिसरा, किमतीत पुढच्या किती भेटी धरल्या आहेत? पहिल्या दोन-तीन महिन्यांत तीन-चार वेळा जावं लागतं, हे गृहीत धरूनच चला.

जुनं मशीन फेकू नका, बरोबर न्या. आजच्या बहुतेक मशीनमध्ये रोज किती तास वापर झाला याची नोंद राहते. भांडणाचा विषय म्हणून नका वाचू ती. पण रोज एक तास की दहा, यावरून ऑडिओलॉजिस्टला अडचण कुठे झाली ते कळतं. नव्याने साफ करून, मळ अडवणारी जाळी बदलून, नीट जुळवून तेच चालण्यासारखं निघालं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

मेंदूचं काय? विक्रेत्याने तुम्हाला अर्धं खरं सांगितलंय. ऐकणं कमी होणं आणि पुढे स्मृतिभ्रंश होणं यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. पण मशीनने तो टळतो का, यावर ‘अचीव्ह’ नावाची मोठी चाचणी २०२३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आली. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. एकूण गटात मशीनमुळे बुद्धीची घसरण मंदावल्याचं दिसलं नाही. ज्यांना धोका आधीपासून जास्त होता त्या गटात मात्र ती ४८ टक्क्यांनी कमी होती. आशा वाटावी असं आहे, पण ‘या महिन्यात घ्या नाहीतर मेंदू गेला’ असं त्यातून निघत नाही. घाई करायला लावणाऱ्याकडून काहीच घेऊ नये, मशीन तर नाहीच. बाबांना तर ही भीती अजिबात घालू नका. सात तारखेची चूक घरभर मिरवली जाते आहे, असं त्यांना आधीच वाटत असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. घालायला कसं लावावं? लावू नका. त्यांना विचारा, नीट ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं असे तीन प्रसंग कोणते? ‘ऐकू येतं का’ असं विचारलं की ‘येतं’ हेच उत्तर मिळतं. प्रसंग विचारले की माणूस बोलायला लागतो. नातवंडं फोनवर काय बोलतात ते, बातम्या, मित्रांचे विनोद, काहीही असेल. त्यांच्या हाताने एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी ऑडिओलॉजिस्टच्या हातात द्या. चांगला ऑडिओलॉजिस्ट मशीन त्या तीन ओळींवरून सुचवेल, आणि दोन महिन्यांनी त्याच तीन ओळींवर काट मारायची की नाही ते बाबा ठरवतील. फोन असेल तर ब्लूटूथ कामाचं. सभागृहातले कार्यक्रम असतील तर टेलिकॉइल, म्हणजे सभागृहातल्या ध्वनियंत्रणेशी थेट जोडणारं तारेचं वेटोळं, आहे का विचारायचं. यातलं काहीच नसेल तर त्याचे पैसेही नकोत. रंग, आकार, कानामागे की आत, तेही त्यांनीच निवडू देत. मागच्या वेळी तुम्ही भेट दिलीत, आणि त्यांना न विचारता त्यांच्या कानात घातलीत. प्रेमानेच, पण तरी.

पहिले दिवस कसे जातात ते त्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि दचकले. कागद एवढा वाजतो हे विसरलेच होते. पंखा, चपलांची फरफर, स्वतःच्या बाहीची सळसळ. सगळं एकाच उंचीवर अंगावर येतं, कारण कुठल्या आवाजाकडे दुर्लक्ष करायचं हे मेंदू वर्षानुवर्षांत विसरलेला असतो. तो पुन्हा शिकतो, त्याला काही आठवडे लागतात. शांत घरात, एका माणसाशी बोलताना सुरुवात करा. मग टीव्ही, मग चार माणसं, आणि लग्नाकार्याची गर्दी सगळ्यात शेवटी. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचायला सांगा, स्वतःच्या आवाजाची सवय त्यानेच लवकर होते. पण दुखत असेल, टोचत असेल, अमुक आवाज सहनच होत नसेल, तर ती ‘सवय’ नव्हे, दुरुस्तीचं काम आहे. तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा.

राहिला घरच्यांचा वाटा, आणि इथे कुठलंही मशीन हात टेकतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. दोन मीटरच्या आत, तोंड दिसेल असं, टीव्ही बंद करून बोललात तर फुकटात जेवढा फायदा होईल तेवढा महागातलं सॉफ्टवेअरही देणार नाही. आधी नाव घ्या, त्यांनी बघितलं की मग वाक्य. नाही कळलं तर तेच शब्द चढ्या आवाजात न म्हणता वाक्य बदला: ‘सात तारखेला’च्या ऐवजी ‘रविवारी, सात तारखेला’. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे चार शब्द घरातून हद्दपार करा. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याहून जास्त लागणारं दुसरं काही नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

आईंना तपासणीला बरोबर न्या. बाबांना सगळ्यात जास्त ऐकायचा असतो तो आवाज त्यांचा. मशीन जुळवताना नुसत्या यंत्रातल्या आवाजावर न थांबता त्यांना नेहमीच्या सुरात चार वाक्यं बोलायला सांगा आणि बाबांना कळतात का बघा. ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्या आईच गेली काही वर्षं दुभाष्याचं काम करत असणार: फोन त्यांनी घ्यायचा, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सांगायचं, हसण्यासारखं काय झालं तेही त्यांनीच. त्यांना यातून सुट्टी हवी असेल, पण ती मागायची सवय नसेल. आणि आलाच आहात तर त्याच खोलीत त्यांचेही कान तपासून घ्या. बाबांसाठी टीव्हीचा आवाज मोठा ठेवावा लागत असणार, पण त्यांनी आजवर कधी तक्रार केल्याचं तुमच्या पत्रात दिसलं नाही.